खाडीकाठच्या घरातली किचन चिमणी: तपासणी करून घ्यायची ती अशी

नवी मुंबईत सीवूड्समधल्या एका सातव्या मजल्यावरच्या घरी मे महिन्यात गेलो होतो. काकूंनी दार उघडता उघडताच सांगितलं, "भाऊ, परवाच सर्व्हिसिंग झालंय, तरी धूर सगळा घरात. मोटर गेली असणार." चिमणी समोरून लखलखीत होती. फिल्टर काढून आतून बोट फिरवलं, तेल नाही. मोटर बरोबर फिरत होती, आवाज स्वच्छ. मग ड्राय बाल्कनीत गेलो, ग्रिलमधून हात बाहेर काढला आणि मोबाइलनं पाइपच्या तोंडाचा फोटो घेतला. टोपणाची झडप गंजून मिटलेली, जाळीवर तेल, मीठ आणि धुळीचा बोटभर राप, आणि त्याच्या मागे साळुंकीनं आणून कोंबलेल्या काड्या. फोटो बघून काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, रविवारी केळवण होतं. याच्याचखाली शंभर पुऱ्या तळल्या मी."

चौदा वर्षं मी ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि खाडीपलीकडे ठाण्यात कोपरी, कोलशेत, घोडबंदर रोड या पट्ट्यात चिमणी-हॉबचं काम करतोय. या काळात एक गोष्ट पक्की कळली. चिमणीचा धोका ओट्यासमोर उभं राहून दिसत नाही. तो पाइपच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि खाडीकाठच्या घरात तो बाहेरून आत येतो. म्हणून तपासणी बाहेरच्या तोंडापासून सुरू व्हायला हवी. बहुतेक घरांत ती ओट्यापासून सुरू होते आणि ओट्यापाशीच संपते: समोरचा पत्रा पुसला, फिल्टर धुतला, पैसे घेतले, निघाले.

हा लेख घरातल्या माणसासाठी आहे. सगळं काम तुम्ही स्वतः करायचं नाही. पण समोरचा माणूस काय करतोय आणि काय टाळतोय, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

खारी हवा काय करते

पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, त्याला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. आता हेच मीठ पाइपच्या बाहेरच्या तोंडावर, तेलाच्या चिकट थरात अडकलेलं आहे असं समजा. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी तो पत्रा आतून ओलाच राहतो. साधा पत्रा असेल तर तांबडा गंज चढतो. ॲल्युमिनियम असेल तर पांढरी भुकटी दिसते. ती झटकली की खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं सापडतात.

आपल्या खाडीला चौपाटीसारख्या लाटा नाहीत, त्यामुळे खारे तुषार कमी उडतात. पण नवी मुंबईची खाडी शहराच्या पश्चिमेला आहे आणि पावसाळी वाराही नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच येतो. त्यामुळे ज्या घरांचा पाइप पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर निघतो, त्यांच्या तोंडावर खार आणि पाऊस दोन्ही थेट बसतात. पामबीच रोडच्या खाडीकडच्या इमारतींमध्ये टोपण दोन-तीन वर्षांत सडलेलं पाहिलंय. तेच टोपण पारसिकच्या डोंगराकडच्या घरात सहा-सात वर्षं टिकतं. तुमचा पाइप कुठल्या दिशेला उघडतो, हे आजच बघून ठेवा. तपासणी किती वेळा करायची, ते त्यावर ठरतं.

स्टीलबद्दल एक गैरसमज आहे. स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. खाऱ्या हवेत स्टेनलेसवरही चहा सांडून वाळल्यासारखे तांबूस डाग येतात, आणि पुढे बारीक खड्डे पडतात. ३०४ प्रतीचं स्टील बऱ्यापैकी तग धरतं. ३१६ त्याहून चांगलं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. काही विक्रेते लोहचुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." तेवढ्यावर जाऊ नका. २०२ प्रतीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि ते खाडीकाठी लवकर डागाळतं. प्रत बिलावर लिहून मागा.

वर्षातून दोनदा, ठरलेल्या वेळी

पहिली तपासणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पावसाआधी बाहेरचं टोपण, झडप आणि भिंतीतल्या भोकाभोवतीचं सीलिंग नीट करून घ्यायचं. भर पावसात हे काम होत नाही आणि कुणी केलं तर टिकत नाही. दुसरी तपासणी नवरात्र संपता संपता, म्हणजे दिवाळीच्या फराळाआधी. चार महिन्यांत पाणी आणि खार आत कुठवर गेलाय ते तेव्हा कळतं. शिवाय वर्षभरातलं सगळ्यात जास्त तळण त्यानंतरच असतं. चकल्या-शेवेची कढई तीन-तीन तास उकळत असते, आणि वर पाइपमध्ये जुनं तेल साचलेलं असलं तर ते त्या तीन तासांत तापून पातळ होतं. दिवाळीच्या आठवड्यात मला फोन करून काही उपयोग होत नाही. तेव्हा माझ्याकडे आणि माझ्यासारख्या प्रत्येकाकडे रांग असते, आणि घाईत केलेली तपासणी ही तपासणी नसते.

घर खाडीपासून लांब असेल, रोजचं तळण नसेल, तर वर्षातून एकदा, फराळाआधीची, पुरते. फिल्टर मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी तुम्हीच धुवायचा. मासे रोज तळत असाल तर दर आठवड्याला.

फोन करण्याआधी घरच्या घरी

चार गोष्टी बघा, दहा मिनिटं लागतात.

वर्तमानपत्राचं एक पान घ्या, चिमणी फुल स्पीडवर लावा आणि पान फिल्टरखाली धरून सोडा. शेगडी बंद ठेवून हं. पान चिकटून राहिलं तर ओढ ठीक आहे. गळून पडलं तर कुठेतरी अडलंय. मग तेच किचनची खिडकी उघडून करा. खिडकी उघडल्यावर पान चिकटलं तर दोष चिमणीचा नाही, घरात हवा येण्याच्या वाटेचा आहे. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण ते फार महत्त्वाचं आहे.

आवाज ऐका. खरखर येत असेल तर बेअरिंग किंवा पंख्याच्या पात्यांवर एकाच बाजूला साचलेलं तेल. नुसतं गुणगुणतंय, पंखा फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग. ही दोन्ही कामं छोटी आहेत. त्यासाठी कुणी मोटर बदलायला सांगितली तर दुसऱ्याला विचारा.

शेगडीवर थेंब पडतात का? पिवळट, चिकट थेंब म्हणजे तेल. तांबूस, पाण्यासारखे थेंब म्हणजे पाइपमधून पावसाचं पाणी येतंय, किंवा स्वयंपाकाची वाफ पाइपमध्ये थिजून परत वाहतेय. तांबूस रंग गंजाचा. असा थेंब एकदा जरी दिसला तरी पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

शेवटी, फॉल्स सीलिंग किंवा वरच्या कपाटातून पाइप गेला असेल तर कपाट रिकामं करून हात फिरवा. प्लायवुड ओशट, मेणचट लागलं तर पाइपला भोक पडलंय.

कुणाला बोलवायचं, फोनवर काय विचारायचं

कंपनीचा माणूस असो की नाक्यावरचा, मला दोन्हींत चांगले आणि वाईट दोन्ही माहीत आहेत. गॅरंटीतली चिमणी असेल तर कंपनीचाच बोलवा, नाहीतर गॅरंटी जाते. त्यापलीकडे फोनवर एवढं विचारा: "पाइप उतरवून बघणार का? बाहेरच्या तोंडाचा आधीचा आणि नंतरचा फोटो देणार का? अर्थिंग तपासणार का? सफाईला काय वापरता?"

"पाइपचं वेगळं" असं उत्तर आलं तर हरकत नाही, कष्ट आहेत त्यात. पण किती वेगळं, ते आधी ठरवून घ्या. "पाइपला काही लागत नाही, ऑटोक्लीन आहे ना तुमची" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. ऑटोक्लीनमध्ये आतला हीटर पंख्याभोवतीचं तेल वितळवून वाटीत उतरवतो. पाइपपर्यंत त्याची ऊब पोचतसुद्धा नाही. उलट फिल्टर नसलेल्या मॉडेलमध्ये तेलाची वाफ अडवायला जाळीच नसते, त्यामुळे पंख्याची आणि पाइपची जास्त काळजी घ्यावी लागते.

सफाईबद्दलचा प्रश्न मुद्दाम विचारा. आमच्या धंद्यात कॉस्टिक सोडा सर्रास वापरतात. स्टीलच्या बॅफल फिल्टरला, म्हणजे वळवलेल्या पट्ट्यांच्या फिल्टरला, मापात आणि हातमोजे घालून, तो चालतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला चालत नाही. ती काळी पडते, फेसाळते आणि हळूहळू विरघळते. ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर तर कशालाच नको. त्यातला क्लोराइड म्हणजे खाऱ्या हवेचंच काम दहापट वेगानं. तारेची घासणीही नको. तिचे बारीक लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि पंधरा दिवसांत तिथेच गंजाचे ठिपके उठतात. गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, खाण्याचा सोडा आणि अर्धा तास धीर एवढ्यानं बहुतेक फिल्टर निघतात.

तपासणीच्या दिवशी

त्या दिवशी सकाळी तळण करू नका, चिमणी गार असू द्या. ओटा रिकामा करा. आणि माणूस आल्यावर पहिलं काम: गॅस बंद, नुसता शेगडीचा खटका नाही. पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर. मग चिमणीचा एमसीबी, म्हणजे पॅनलमधला वीज तोडणारा खटका, खाली. नुसता प्लगचा स्विच बंद करून आत हात घालणारा माणूस स्वतःच्या जिवाशी खेळतोय. त्याला थांबवा.

मग बाहेर चला.

बाहेरच्या तोंडावर तीन गोष्टी बघायच्या. टोपणाची झडप बोटानं ढकलली की उघडून आपोआप मिटते का? मिटत नसेल तर वारा, पाऊस, झुरळं सगळं आत येतं. उघडत नसेल तर धूर घरात फिरतो. जाळीत काड्या, पिसं, कबुतराची विष्ठा आहे का? पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा आणि तोवर तळण दुसऱ्या खिडकीपाशी करा. मी स्वतः घरटं ओढून काढत नाही. तिसरं, भिंतीतल्या भोकाभोवतीचं सीलिंग. इथे चीर असली की पावसाचं खारट पाणी भिंतीत मुरतं, सळयांपर्यंत पोचतं आणि काही वर्षांनी प्लास्टर फुगून पडतं. नवी चिमणी बसवताना भोक वीटभिंतीतच पाडायचं. बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही, आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यायची.

एक कळकळीची विनंती. बाहेरचं तोंड हाताला येत नसेल तर कारागिराला छज्ज्यावर उतरायला सांगू नका. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझ्याबरोबर काम करणारा मुलगा शेवाळलेल्या छज्ज्यावरून घसरला. खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर अडकला म्हणून वाचला, मनगट मोडलं. घरमालक चांगले होते, वाईट कुणीच नव्हतं. फक्त "दोन मिनिटांचं काम आहे" असं सगळ्यांना वाटलं होतं. तेव्हापासून पट्टा आणि दोर बांधायला जागा नसेल तर मी बाहेर जात नाही. पाइप आतून उतरवतो आणि टोपण आतूनच ओढून घेता येईल असं बसवतो. तेवढं जमण्यासारखं असतं.

आता पाइप. सहा इंची ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप आपल्याकडे सगळ्यात जास्त बसवतात. स्वस्त आहे, वळतो. पण त्याच्या वळ्यांमध्ये तेल साचतं, आणि कुठे झोळी पडली तर तिथे तेल-पाण्याचं डबकं होतं. पाइप जितका सरळ आणि आखूड तितका चांगला. प्रत्येक काटकोनी वळणाला ओढ कमी होते. आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे थिजलेली वाफ बाहेर जाईल, मोटरवर येणार नाही. बऱ्याच घरांत नळाचा पीव्हीसी पाइप लावलेला असतो. तो गंजत नाही म्हणून खाडीकाठी लोकांना आवडतो, पण उष्णतेनं मऊ होतो आणि पेटला तर त्याच्या धुरात जहाल आम्ल वायू असतो. मी असा पाइप दिसला की बदलायला सांगतो. जाड पत्र्याचा, कडक, स्टीलचा गोल पाइप महाग पडतो, पण एकदाच घालायचा.

भोकं शोधायची एक सोपी रीत. किचनचा दिवा बंद करा, पडदे ओढा, उतरवलेल्या पाइपमध्ये टॉर्च घाला. भोकं असतील तर चांदण्या दिसतात. चांदणी विशेषतः कुठे दिसते? जिथे ॲल्युमिनियमच्या पाइपला लोखंडी क्लॅम्प किंवा स्क्रू लावलाय तिथे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून क्लॅम्प स्टेनलेसचा, मध्ये रबराची पट्टी आणि सांध्यावर ॲल्युमिनियम टेप. कापडी टेप उष्णतेनं सुटतो.

तेल किती साचलंय ते नखानं खरवडून बघा. बोटाला नुसता ओशटपणा लागला तर पुसून चालेल. पापुद्रा निघाला तर पूर्ण सफाई. थर करकरीत, काळपट, वार्निशसारखा झाला असेल तर लवचीक पाइप धुवत बसू नका, नवा घाला. त्या वळ्यांतून तो निघत नाही.

पाइपनंतर चिमणी. फिल्टर, तेलाची वाटी, पंखा. कारागिरानं पंखा बाहेर काढला पाहिजे, नुसता स्प्रे मारून मोकळं व्हायचं नाही. शेगडीपासून चिमणीची उंची मोजून घ्या. गॅसच्या शेगडीवर ती साधारण २६ ते ३० इंच असते, तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो. किचनचं रिनोव्हेशन करताना ओटा उंचावला आणि चिमणी तिथेच राहिली, अशी घरं मी दर महिन्याला बघतो. मोठ्या बर्नरची जाळ कढईच्या कडेनं वर येते आणि फिल्टरमधलं तेल तापवते.

पाइपच नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी असेल तर तिच्याबद्दल थोडक्यात: ती तेल आणि थोडा वास अडवते, वाफ आणि उष्णता घरातच परत सोडते. खाडीकाठच्या दमट घरात मी ती सुचवत नाही. असलीच तर कोळशाचा फिल्टर तीन ते सहा महिन्यांनी बदला. तो धुता येत नाही.

वीज

खारी हवा विजेच्या जोडण्यांना काय करते, ते प्लग काढून बघितलं की कळतं. पितळी पिनांवर हिरवट पूट, किंवा पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी. हिरवं म्हणजे खार, तपकिरी म्हणजे जोडणी सैल होऊन तापतेय. दोन्हींत प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे, एकच नाही. सॉकेट शेगडीच्या थेट वर नको, बाजूला हवं.

अर्थिंग मल्टिमीटरनं तपासतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये जो विजेचा दाब दिसतो, साधारण २३० व्होल्ट, तेवढाच फेज आणि अर्थमध्ये दिसला पाहिजे. खूप कमी दिसला तर अर्थ नावालाच आहे. चिमणीच्या पत्र्याला ओला हात लावल्यावर मुंग्या येतात, असं मला ताई-मावश्या सांगतात आणि घरातले "ओल आहे म्हणून" सोडून देतात. सोडू नका. ते अर्थ नसल्याचं आणि मोटरचं इन्सुलेशन कमजोर झाल्याचं लक्षण आहे. चांगल्या कारागिराकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, असतो, त्यावर मोटर तपासायला सांगा. घराच्या पॅनलमध्ये ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का बघा. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा तुम्हीच दाबा. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हवा कुठून येते

हा भाग तपासणीच्या कुठल्याही छापील कार्डावर नसतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चिमणीवर १२०० घनमीटर प्रति तास लिहिलेलं असतं. म्हणजे मिनिटाला २० घनमीटर. आठ बाय दहा फुटांचं, नऊ फूट उंच किचन साधारण तेवढंच भरतं. पाइप जोडल्यावर प्रत्यक्ष ओढ कमी होते, तरी दर दोन-तीन मिनिटांत किचनभर हवा बाहेर जाते असं धरा. ती भरून येणार कुठून? खिडकी उघडी असेल तर खिडकीतून. पण आपल्याकडे संध्याकाळी खारफुटीतून डास येतात, म्हणून सहालाच खिडक्या बंद. हॉलमध्ये एसी. स्वयंपाक नेमका त्याच वेळी. मग चिमणी मिळेल त्या वाटेनं हवा ओढते: दाराखालच्या फटीतून, बाथरूमच्या मोरीतून, आणि ड्राय बाल्कनीतल्या किंवा बाथरूममधल्या गॅस गीझरच्या धुरांड्यातून.

ही शेवटची वाट जीवघेणी आहे. गीझरचा धूर बाहेर जायच्याऐवजी घरात ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं आज जरा दमलोय.

म्हणून तपासणीच्या शेवटी हे करून घ्या. दारं-खिडक्या रोजच्यासारख्या बंद, चिमणी फुल स्पीडवर, गीझर चालू. गीझरच्या धूर जाण्याच्या तोंडाजवळ उदबत्ती धरा. धूर बाहेर गेला तर ठीक. घराच्या बाजूला वळला तर चिमणी आणि गीझर यापुढे एकाच वेळी चालवायचे नाहीत, आणि किचनच्या खिडकीला मच्छरजाळी बसवून ती स्वयंपाकाच्या वेळी चार बोटं तरी उघडी ठेवायची. गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर त्याची जागाच बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावा.

गॅसची गळती आणि चिमणी

गॅसचा वास आला की चिमणी लावून तो ओढून टाकायचा, असं पुष्कळांना वाटतं. असं कधीही करू नका. स्विच दाबताना आणि मोटर सुरू होताना ठिणगी पडू शकते. कुठलाही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही. व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, फोन बाहेर जाऊन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइप गॅस हलका, तो वर, म्हणजे चिमणीच्याच आसपास आणि सीलिंगखाली जमतो. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. पाइप गॅसचा तातडीचा नंबर बिलावर असतो, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, कामाला येणाऱ्या मावशींच्याही.

कारागीर निघण्याआधी गॅस चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघायला सांगा. सिलिंडरच्या नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, ती पाच वर्षांनी बदलायची.

सोसायटीत विषय काढा

काही इमारतींत चिमण्यांचे पाइप बाहेर न जाता इमारतीच्या आतल्या सर्व्हिस डक्टमध्ये सोडलेले असतात, जिथून पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप जातात. मजल्यावर मजले तेल तिथे साचतं, आणि ती जागा कुणाचीच नसते. खालच्या घरात पेटलं तर आग त्या उभ्या पोकळीतून वर चढते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो. त्या वेळी परवानाधारक एजन्सीचा माणूस येतोच. त्याला हा डक्टही उघडून दाखवा आणि त्याचं म्हणणं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आठ-दहा घरांनी मिळून एकाच दिवशी पाइप तपासून घेतले तर सगळ्यांना स्वस्त पडतं. बाहेरून दोर लावून काम करणारी माणसंही तेव्हा बोलावता येतात.

पेटलंच तर

कढईतलं तेल पेटलं: गॅस बंद, वर झाकण किंवा मोठं ताट सरकवा, कढई हलवू नका, पाणी अजिबात नको. चिमणी चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर ज्वाळा वर ओढल्या जातात. बटण ज्वाळांजवळ असेल तर एमसीबी पाडा.

पाइपमध्ये पेटलं, म्हणजे चिमणीच्या आत घोंघावल्यासारखा आवाज, वरचा पत्रा तापलेला, बाहेरच्या तोंडातून काळा धूर: फिल्टर उघडून बघू नका, हवा मिळाली की भडकतं. गॅस आणि वीज बंद, किचनचं दार ओढून घ्या, सगळे जिन्यानं खाली, १०१ किंवा ११२. वरच्या मजल्यांच्या बेल वाजवत कुणालातरी पाठवू नका, इंटरकॉमवरून वॉचमनला सांगा.

जाण्याआधी कागद

कारागिराकडून एक साधी पावती घ्या, पण तिच्यावर हे लिहिलेलं असू दे: बाहेरच्या टोपणाची स्थिती, पाइपची लांबी आणि वळणं, पाइप बदलला की धुतला, अर्थिंगचा आकडा, गीझरची उदबत्तीची चाचणी कशी गेली, आणि काय करायचं राहिलं. राहिलेलं लिहून घेणं महत्त्वाचं, कारण ते तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन्ही टोकांचे आधीचे-नंतरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाका.

सीवूड्सच्या काकूंनी मला फिल्टरमागच्या पत्र्यावर मार्करनं तारीख लिहायला लावली. फिल्टर धुवायला काढला की ती समोर दिसते. त्यांचा पाइप पश्चिमेला उघडतो, म्हणून तारखेखाली मी ‘पुढची: ऑक्टोबर’ असंही लिहून आलो.